संगणकांचीं घराणीं आणि मराठी अक्षर

सन १९९६ च्या पावसाळ्यापासून पुढें दोन-तीन वर्षें आमच्या दोन स्नेह्यांमध्यें एक वाद चालला होता, आणि त्या वादांत पंच होण्याची पाळी आमच्यावर आली होती. एक स्नेही साताऱ्याचे. चित्रकला आणि मुद्रण हीं त्यांचीं दोन व्यसनें. दुसरे सांगलीचे, अभियांत्रिकीचे अध्यापक. साताऱ्याच्या स्नेह्यांच्या घरीं त्यांच्या परदेशस्थ बंधूंनीं आणून दिलेला मॅकिंटॉश संगणक होता. सांगलीकरांच्या टेबलावर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून स्वतःच्या हातानें जुळविलेलें, आयबीएमच्या धर्तीचें यंत्र होतें. "अहो, तुमचें यंत्र म्हणजे कुलूप घातलेली पेटी, आंत काय आहे तें धन्यालाहि पाहतां येत नाहीं," असें सांगलीकर म्हणत. "आणि तुमच्या पेटीला झांकणच नाहीं, तेव्हां कुलुपाची चिंता तुम्हांला कशाला?" असें साताऱ्याहून उत्तर जाई. आम्ही महिन्यांतून एक-दोन वेळां कऱ्हाडवरून सांगलीस जात असूं. जातांना एका पक्षाचे निरोप घेऊन जावे आणि येतांना दुसऱ्याचीं उत्तरें घेऊन यावें, हा आमचा क्रम होता.

मिरज-सांगलीच्या मंडळींना असल्या वादांची संवय जुनी आहे. अब्दुल करीम खांसाहेबांनीं मिरजेस वास्तव्य केलें, आणि १९३७ सालीं ते वारल्यावर त्यांना चिरविश्रांतीहि तेथेंच मिळाली. किराणा श्रेष्ठ कीं ग्वाल्हेर श्रेष्ठ, या प्रश्नावर त्या गांवांत किती रात्री जागविल्या गेल्या असतील याचा हिशेब कोणीं ठेविलेला नाहीं. संगणकांच्या ज्या निरनिराळ्या जातींना इंग्रजींत 'प्लॅटफॉर्म' म्हणतात त्यांना मराठींत 'घराणें' म्हणावें, असें आम्हांस तेव्हांच सुचलें होतें. एका घराण्याची आज्ञावली दुसऱ्यांत चालत नाहीं; एकाचे शिष्य दुसऱ्याकडे सहसा जात नाहींत; आणि दोहोंकडचे अभिमानी वेग, स्मरणशक्ति, किंमत आणि डौल यांविषयीं तावातावानें बोलत असले, तरी त्यांच्या निष्ठेचें खरें कारण बहुधा एवढेंच असतें कीं, पहिला स्वर त्यांनीं त्या घराण्यांत लावलेला असतो. इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र या वादांत दुसराच एक प्रश्न विचारावयास हवा होता. या यंत्रांत लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्या यंत्रावर वाचतां येईल काय, आणि वीस वर्षांनीं वाचतां येईल काय? हा प्रश्न आम्हांस त्या वेळीं सुचला असें म्हणूं तर तें खोटें होईल. तो फार उशीरा सुचला, आणि त्याची किंमत आम्हांस द्यावी लागली. ती हकीकत पुढें येईलच.

मराठी अक्षर उठविण्याच्या दोन रीतींची स्पर्धा याच मुलखांत पूर्वीं एकदां लागली होती. सन १८०५ मध्यें मिरजेस भगवद्गीता छापली गेली. मूळ कल्पना नाना फडणिसांची. पुण्यांत इंग्रज वकिलातीच्या आश्रयानें कारागिरांची जी उठबस चालू होती तिच्यामुळें तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरून त्यांचे ठसे काढण्याची विद्या एका तांबटाच्या हातीं आली, आणि नानांनीं त्याच्याकडून गीतेचे पत्रे करविण्याचा उद्योग आरंभिला. १८०० सालीं नाना निवर्तले. पुण्यांतील धामधुमींत अशा कामास कोण विचारतो? तो कारागीर मिरजेस गेला, आणि तेथें गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयानें गीता पुरी झाली. त्याच सुमारास पटवर्धनांच्या घरांत वाटणीचें भांडण पेटून चिंतामणरावांनीं कृष्णाकांठीं सांगलीस निराळें बिऱ्हाड मांडलें होतें. अशा वेळीं संस्थानाच्या धन्यानें एका तांबटाच्या टांकीस आणि हातोडीस आश्रय द्यावा याचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटत आलें आहे.

आतां योगायोग पाहा. त्याच १८०५ सालीं, मिरजेहून शेंकडों कोस दूर, बंगाल्यांत श्रीरामपूर येथें विल्यम केरीसाहेबांचें मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध झालें. केरीसाहेब कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजांत मराठी शिकवीत, आणि वैजनाथ नांवाचे पंडित त्यांस साह्य करीत. हें पुस्तक पत्र्यावर कोरलेलें नव्हतें. सुट्या खिळ्यांनीं जुळविलेलें होतें. पंचानन कर्मकार या बंगाली लोहारानें पोलादी ठसे कोरून देवनागरी खिळे पाडण्याची विद्या श्रीरामपुरास रुजविली होती. मराठी माणसें रोजच्या लिहिण्यांत मोडी वापरीत. पण मोडीचे खिळे अद्याप तयार नव्हते, म्हणून व्याकरण देवनागरींत निघालें. पांच वर्षांनीं, १८१० सालीं, केरीसाहेबांचा मराठी कोश निघाला तो मोडींत.

एकाच वर्षीं दोन रीती. दोहोंची तुलना करूं लागलें तर आमच्या दोन स्नेह्यांचाच वाद ऐकूं येतो. मिरजेच्या रीतींत अक्षर जसें लेखकाच्या बोरूंतून उतरतें तसें उतरतें. जोडाक्षर कसेंहि असो, वेलांटी कितीहि वळणाची असो, कारागिराची टांकी तिच्यामागें जाते; पोथीचा घाट बिघडत नाहीं. परंतु गीतेचा पत्रा म्हणजे गीतेचाच पत्रा. त्यावर विष्णुसहस्रनाम छापतां येत नाहीं. एका श्लोकांत चूक राहिली तर पत्रा पुन्हां कोरावा लागतो. श्रीरामपूरची रीत दिसण्यांत ओबडधोबड. केरीसाहेबांच्या त्या पुस्तकांतील अक्षर पाहून आपल्या एखाद्या शास्त्रीबोवांनीं नाक मुरडलें असतें. पण आज जे खिळे व्याकरणांत आहेत तेच उद्यां कथेंत आणि परवां बायबलांत बसतात. पुढील शतकाचा निकाल खिळ्यांच्या बाजूनें लागला. मिरजेचा छापखाना मात्र त्या एका उद्योगानंतर वाढीस लागला नाहीं. येथें मिरजेच्या कारागिराचें कौशल्य कमी होतें असें कोणी म्हणूं नये. त्याची विद्या त्याच्या हातांत होती, आणि हात थांबले तेव्हां तीहि थांबली.

मधल्या काळाविषयीं विस्तारानें लिहिण्याचें हें स्थळ नव्हे. शिळाप्रेस आला. दगडावर हस्ताक्षर जसेंच्या तसें उठत असल्यामुळें पोथ्या-पंचांगांच्या वाचकांस तो फार आवडला. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनींहि आरंभ शिळाप्रेसानेंच केला. मग जावजी दादाजी आणि त्यांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू यांनीं निर्णयसागराचा खिळा इतका सुबक केला कीं खिळा ओबडधोबड असतो ही तक्रारच संपली. राहिली ती संख्येची अडचण. इंग्रजी मजकूर जुळविण्यास जेवढे प्रकार लागतात त्याच्या कितीतरी पट देवनागरीस लागतात. जोडाक्षरें, अर्धीं अक्षरें, वर-खालच्या मात्रा हें सर्व धरून खिळ्यांचे शेंकडों खण जुळाऱ्यापुढें मांडावे लागत. ही संख्या घटविण्यासाठीं लोकमान्यांनीं 'केसरी'करितां खटपट केली. औंधास पंडित सातवळेकरांनीं आपल्या स्वाध्याय मंडळासाठीं मुद्रणालय चालविलें, तेथें वेदांचे स्वर दाखविणाऱ्या आडव्या-उभ्या रेघांची निराळीच भर होती. १९४८ नंतर तें सर्व बिऱ्हाड पारडीस गेलें.

किर्लोस्करवाडीची गोष्ट मात्र येथें सांगितलीच पाहिजे. हें गांव त्या काळीं औंध संस्थानांत होतें, आज सांगली जिल्ह्यांत आहे. लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्याच्या आवारांतून शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' काढली, आणि पुढें 'स्त्री' व 'मनोहर' हीं मासिकें तिच्या जोडीस आलीं. सावरकरांनीं सुचविलेली लिपिसुधारणा या मासिकांनीं उचलली: इ, उ, ए या स्वरांचीं स्वतंत्र चिन्हें टाकून 'अि', 'अु', 'अे' अशी एका अ ची बाराखडी. घरोघरच्या वाचकांस प्रथम तें चमत्कारिक वाटलें, मग डोळ्यांना संवय झाली, आणि कांहीं वर्षांनीं तें सर्व मागें पडलें. यंत्राच्या सोयीसाठीं अक्षरानें किती वांकावें, हा प्रश्न आपल्या भागांत इतक्या उघडपणें दुसऱ्या कोणीं विचारला नसेल. आमची आजी 'स्त्री'ची वाचक. ती आपल्या पत्रांत अखेरपर्यंत 'अेक' असेंच लिहीत असे.

आतां संगणकांकडे वळूं. एका माणसानें एका टेबलावर वापरावा असा संगणक बाजारांत सर्रास मिळूं लागला तो १९७७ सालीं, आणि तेव्हांच एकदम तीन घराणीं पुढें आलीं: ॲपल, कमोडोर आणि टँडी. १९८१ च्या ऑगस्टांत आयबीएम या बड्या कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक काढला. घाईंत काढल्यामुळें म्हणा किंवा धोरणानें म्हणा, तिनें बहुतेक भाग बाजारांतलेच घेतले. मेंदू इंटेलचा, मूळ आज्ञावली मायक्रोसॉफ्टची. त्यामुळें थोड्याच अवधींत दुसऱ्या कंपन्यांना तस्सें यंत्र बनवितां येऊं लागलें. १९८४ च्या जानेवारींत मॅकिंटॉश आला. त्याची तऱ्हा उलट. यंत्र, आज्ञावली, पडद्यावरचें अक्षर, सर्व एकाच घरचें. बाहेरच्यास दार बंद. पण आंत काय नजाकत होती! पडद्यावर चित्रें, हातांत माउस, निरनिराळ्या वळणांचीं अक्षरें. आणि १९८५ सालीं पेजमेकर ही आज्ञावली व लेझर छपाईचें यंत्र त्यास जोडलें गेल्यावर टेबलावरच छापखाना आला. तोंवर दुसऱ्या पक्षाच्या पडद्यावर काळ्या भूमीवर हिरवीं अक्षरें लुकलुकत होतीं आणि आज्ञा पाठ कराव्या लागत होत्या.

आपल्या देशांत आणखी एक-दोन घराण्यांचे शिष्य निर्माण झाले. १९८४-८५ मध्यें सरकारनें सुमारें अडीचशें शाळांत संगणकशिक्षण आरंभिलें तें 'बीबीसी मायक्रो' या ब्रिटिश यंत्रावर. पुण्यास डेसिबेल्स या कंपनीनें सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम यंत्राची देशी आवृत्ति काढली होती. ती घरच्या दूरदर्शनसंचास जोडीत आणि आज्ञावली कॅसेटवरून कर्कश आवाज करीत आंत जाई. आमच्या पिढीच्या पुष्कळ मुलांचा श्रीगणेशा त्या आवाजांत झाला. पण हीं दोन्ही घराणीं दहा वर्षांत नामशेष झालीं, आणि त्यांच्यावर जीव टाकणाऱ्यांना कोणीं विचारलें नाहीं.

आमच्या मतें मॅकिंटॉश हें यंत्र अधिक विचारपूर्वक केलेलें होतें. सांगलीकर रागावतील, रागावोत. परंतु सातारा-सांगलीसारख्या गांवांत त्याचा निभाव लागणें शक्य नव्हतें, आणि याचें कारण यंत्राच्या गुणांत शोधून सांपडणार नाहीं. बिघडलें तर दुरुस्त करणारा मनुष्य पुण्या-मुंबईस. सुटा भाग मागवावा तर किंमत एखाद्या देशी यंत्राइतकी. उलट, जुळविलेलें यंत्र बाजारपेठेंतला एखादा हुषार पोरगा सोडवून पुन्हां जुळवी. आज्ञावली विकत घ्यावयाची असते ही कल्पना त्या काळीं आमच्या गांवांत फारशी कोणास नव्हती. एकाच्या फ्लॉपीवरून दुसऱ्याच्या फ्लॉपीवर ती जाई. हें सांगण्यास संकोच वाटतो, पण आमच्या दोन्ही जिल्ह्यांतला संगणकप्रसार बराचसा या चोरीच्या पायावर उभा राहिला, हें ज्यानें तो काळ पाहिला त्यास नाकारतां येणार नाहीं.

हें सर्व इंग्रजीपुरतें. मराठीचें काय? येथें एक चांगली गोष्ट आपल्याकडे फार लवकर घडली होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनीं भारतीय लिपींसाठीं 'जिस्ट' नांवाचें तंत्र तयार केलें, आणि १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाल्यावर तें तिच्याकडे आलें. जिस्टचें एक कार्ड असे. तें आयबीएमच्या धर्तीच्या यंत्रांत बसविलें कीं पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागचा विचार यंत्राहून मोठा होता. सर्व भारतीय लिपी ब्राह्मीपासून निघाल्या, त्यांचा वर्णक्रम एकच. तेव्हां 'क' या वर्णास एकच क्रमांक द्यावा, मग तो मराठींत दाखवा कीं बंगालींत. जोडाक्षराचा आकार सांठवूं नये. उच्चाराचा क्रम सांठवावा, आकार यंत्रानें घडवावा. याच तत्त्वावर 'इस्की' ही संकेतपद्धति १९८८ मध्यें ठरली आणि १९९१ मध्यें भारतीय मानक म्हणून मान्य झाली. कळफलकहि त्याच तत्त्वाचा, डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजनें असा, १९८६ पासून तयार होता. मिरजेचा पत्रा आणि श्रीरामपूरचा खिळा या दोहोंच्या पुढचें हें पाऊल होतें. अक्षराचा देह आणि अक्षराचा अर्थ यांची येथें प्रथमच फारकत झाली.

मग विंडोज आली, आणि तिच्याबरोबर अक्षरसंचांचा, म्हणजे फाँटांचा, बाजार आला. पुण्याची श्रीलिपि, बंगलोरची आकृति, सी-डॅकचीच आयएसएम, आणि याखेरीज कितीतरी. अक्षरें सुंदर होतीं. लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत मराठी छपाईचें रूप त्यांनीं पालटलें, हें त्यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. पण त्यांची युक्ति काय होती तें पाहावें. यंत्राच्या एका अक्षरसंचांत सगळे मिळून २५६ खण. इंग्रजी अक्षरांचे जे खण, त्यांतच मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले: कोठें अर्धा ग, कोठें काना, कोठें नुसता रफार. यंत्राच्या लेखीं तो मजकूर इंग्रजीच. फक्त त्यानें मराठी कपडे घातलेले. आणि कोणता तुकडा कोणत्या खणांत ठेवावयाचा हें प्रत्येकानें आपापल्या मर्जीनें ठरविलें. जुळाऱ्याच्या शेंकडों खणांची ती जुनी अडचण अशा रीतीनें पुन्हां घरांत आली. फरक इतकाच कीं आतां प्रत्येक छापखान्याच्या खणांची मांडणी निराळी होती. कळफलकाचेंहि तसेंच. टंकलेखनाच्या परीक्षा दिलेल्यांच्या बोटांत जुन्या टाइपरायटरची मांडणी बसलेली. ते इन्स्क्रिप्टकडे ढुंकूनहि पाहत ना.

आमची गोष्ट येथें येते. सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागांतील एका वतनदार घराण्याचे मोडी कागद आमच्या हातीं आले होते. एकंदर एकशें बारा. आम्हीं त्यांचें देवनागरींत लिप्यंतर केलें आणि पुस्तक करण्याचें ठरविलें. आतां तें कशावर लिहावें? सांगलीकर म्हणाले, इस्कींत लिहा. दिसण्यांत साधें असेल, पण पक्कें राहील. साताऱ्याचे म्हणाले, मॅकिंटॉशवर करूं. पुस्तक करावयाचें तर पुस्तकासारखें दिसलें पाहिजे. कागदांत रुपये-आण्यांच्या जुन्या खुणा जागोजागीं होत्या, पावलीच्या उभ्या रेघा आणि आण्यांच्या आडव्या. त्या कोणत्याच अक्षरसंचांत नव्हत्या, म्हणून या स्नेह्यांनीं त्या स्वतः रेखून एक पान नमुन्यादाखल छापूनहि दिलें. आम्हीं दोघांचेंहि ऐकलें नाहीं. एका डीटीपीच्या दुकानांत पानामागें पैसे कमी पडत होते, तेथें तें काम टाकलें. तेथील मुलानें रुपये-आण्यांच्या खुणांसाठीं जीं चिन्हें हाताशीं आलीं तीं वापरलीं, आणि आम्हीं मुद्रितें तपासून मान डोलविली. कागदावर सर्व ठीक दिसत होतें.

प्रकाशनाचें कांहीं जमलें नाहीं. मूळ कागद आणि मुद्रितें अखेरच्या पडताळणीसाठीं सांगलीच्या स्नेह्यांकडे राहिलीं. तीन फ्लॉप्या आमच्याकडे. पुढें आम्हीं त्या फ्लॉप्यांवरचा मजकूर सीडीवर उतरवून ठेविला आणि आपण फार दक्ष आहों अशा समजुतींत राहिलों. २००५ सालच्या पुरांत सांगलीकरांच्या घरीं पाणी शिरलें, पण रुमाल माळ्यावर होते ते वांचले. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णामाई माळ्यापर्यंत आली. पाणी उतरल्यावर आम्ही गेलों तेव्हां स्नेही अंगणांत बसले होते आणि त्यांच्यापुढें कागदांचा चिखल होता. आम्हीं त्यांचें समाधान केलें: "काळजी करूं नका, सर्व मजकूर आमच्यापाशीं आहे."

साताऱ्यास येऊन सीडी उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरें, टिंबें, स्वल्पविराम आणि अपरिचित चिन्हें यांचा गिचमिड काला. अक्षरसंच बनविणारा व्यवसाय सोडून गेलेला, दुकान बंद झालेलें, आणि पेजमेकर तर २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर वाढलाच नाहीं. आमचे एकशें बारा कागद आमच्या समोर होते, आणि मोडी वाचणाऱ्या आम्हांला त्यांतलें एक अक्षर वाचतां येत नव्हतें.

त्यानंतरचीं दोन वर्षें कशांत गेलीं तें थोडक्यांत सांगतों. सांगलीकरांनीं जुन्या मुद्रितांचीं दोन अर्धवट पानें चिखलांतून सोडविलीं होतीं. त्यांच्याशीं ताडून एकेका इंग्रजी चिन्हापुढें मराठी तुकडा मांडीत त्यांनीं कोष्टक केलें. शिलालेख वाचणाऱ्या विद्वानांची आठवण व्हावी असें तें काम होतें. यांतली खरी पीडा क्रमाची. 'किल्ला' या शब्दांत वेलांटी डोळ्यांना आधीं दिसते, म्हणून त्या जुन्या फाँटांत ती क च्या आधीं लिहिली जाई. उच्चाराप्रमाणें ती नंतर हवी. रफार डोळ्यांना अक्षराच्या डोक्यावर शेवटीं दिसतो. उच्चारांत र आधीं येतो. प्रत्येक 'र्थ', प्रत्येक 'ति' उलटून घ्यावयाची. कोष्टक पुरें झालें तेव्हां शंभरांतील पंचाण्णव शब्द नीट उमटले. याच सुमारास सांगलीकरांनीं आपल्या इस्कींतल्या तीस वर्षांपूर्वींच्या टिपणांची एक फाइल आमच्यादेखत उघडली. ती एका पळांत युनिकोडांत उतरली. ते एक अक्षरहि बोलले नाहींत. बोलले असते तर बरें झालें असतें.

युनिकोडाची पहिली आवृत्ति १९९१ सालची, आणि तींतील देवनागरीचा पाया इस्कीचाच. पण ती आपल्या घरच्या यंत्रावर उमटण्यास दशक गेलें. विंडोज २००० मध्यें र. कृ. जोशी यांनीं घडविलेला 'मंगल' हा अक्षरसंच आला, तेव्हां कोठें साध्या माणसास युनिकोडांत मराठी लिहितां आलें. तक्रारी पुष्कळ होत्या. ल आणि श हिंदी वळणाचे. 'ॲ' या अक्षरास तर स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ सालीं, म्हणजे ॲपल या घराण्याचें नांव मराठींत नीट लिहिण्याची सोय त्या घराण्याच्या जन्मानंतर तीस वर्षांनीं झाली! ज्या मोडींत केरीसाहेबांचा कोश छापला गेला तिला २०१४ पर्यंत थांबावें लागलें. तरीहि जें व्हावयास हवें होतें तें झालें. वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मांडलेल्या मराठी विश्वकोशाचे खंड १९७६ पासून निघत गेले. ते कपाटांत अडकून राहतील अशी आम्हांस भीति होती. शतकाच्या दुसऱ्या दशकांत सी-डॅकच्या साह्यानें ते युनिकोडांत उतरले, आणि आज माणदेशांतल्या एखाद्या शाळेंतील मुलगी हातांतल्या फोनवर ते वाचूं शकते. तिचा फोन कोणत्या घराण्याचा आहे हें विचारण्याचें कारण उरलेलें नाहीं.

आमच्या वर्गांतल्या मुलांचा वाद अर्थात् चालूच आहे. आतां तो आयफोन आणि अँड्रॉइड यांचा आहे. साताऱ्याचे स्नेही त्यांतहि भाग घेतात, आणि कोणत्या बाजूनें तें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

राहिली आमच्या कागदांची बाब. मजकूर हातीं आला, पण रुपये-आण्यांच्या खुणा आल्या नाहींत. दुकानांतल्या मुलानें पावलीसाठीं आणि आण्यासाठीं जीं चिन्हें वापरलीं तीं पुष्कळ ठिकाणीं एकच निघालीं, आणि दंडाच्या चिन्हाशींहि त्यांची सरमिसळ झालेली आहे. या जुन्या अपूर्णांकखुणांना युनिकोडांत २००९ पासून स्वतंत्र जागा आहे. ती आमच्या उपयोगाची नाहीं, कारण तेथें काय लिहावयाचें तेंच आम्हांस ठाऊक नाहीं. कोणत्या सालीं गांवचा वसूल किती होता, दुष्काळांत सूट किती मिळाली, हें ज्यासाठीं ते कागद मोलाचे होते तेंच गेलें. पुस्तक आतां छापावयास जात आहे. एकशें अकरा कागदांत रकमेच्या जागा आम्हीं मोकळ्या सोडल्या आहेत. एका कागदांत मात्र रक्कम पुरी आहे, पावलीच्या रेघांसह. १९९७ सालीं साताऱ्याच्या स्नेह्यांनीं मॅकिंटॉशवर छापून दिलेलें तें नमुन्याचें पान आमच्या सौभाग्यवतींनीं गणपतीच्या आरत्यांच्या वहींत जपून ठेविलें होतें.